दोन हिरवी बटणं

एल्ड्रिन विचारतो, काका, मुलासाठी का?
मी म्हणतो, नाही.
तो जरासा थांबतो, मग काउंटरवर तीन यंत्रं मांडतो,
चष्मेवाला फ्रेमा मांडतो तशी.

वाशी, सेक्टर नऊ. दुकान वर, खाली डोसेवाला.
त्याचं तवा खरवडणं इथपर्यंत येतं
आणि ते तालात आहे
हे माझ्याआधी माझ्या पायाला कळतं.

पहिल्यावर आठ पॅड, शेजारी पंचवीस पट्ट्या,
पेटीचं पिल्लू जणू.
"यात दोन्ही होतं, ठेका पण, चाल पण."
पण पॅड एवढुसे
की दोन बोटं शेजारी ठेवली
तर एका बाकावरच्या पोरांसारखी कोपरं मारतात.

दुसऱ्यावर सोळा, चार ओळींत चार-चार.
दिवे इतके की मंडळानं भाड्यानं न्यावं.
रबर मात्र कडक.
"जोरात मारा काका, सवय होते."

जोराची सवय आहे रे बाबा.
रबाळ्याला, एमआयडीसीत, एकवीस वर्षं:
पत्रा आत, हात बाहेर,
दोन हिरवी बटणं दोन तळव्यांनी एकदम दाबायची,
तरच प्रेस खाली यायचा.
रंगाच्या डब्यांची झाकणं, मिनिटाला बारा.
बारा कमी पडली तेव्हा
एक बटण तारेनं बांधून टाकलं.
घाई सुपरवायझरची होती,
तार माझी.
उजवी तर्जनी तेव्हापासून दुसऱ्या पेरावर संपते.

हे एल्ड्रिनला सांगत नाही.
एवढंच विचारतो:
हलकं दाबलं तरी वाजतं का?

तिसरं यंत्र. सोळाच पॅड, दिवे बेताचे,
रबर शाळेतल्या खोडरबराइतकं मऊ.
अंगठ्याखाली ढुम्,
मधल्या बोटाखाली टक्.
मग तर्जनी. आहे तेवढी.
फोडावर हात ठेवावा तशी ठेवली
आणि आतून झांज आली,
बारीक, लांबून आल्यासारखी,
पण आली.
थोडं दाबलं तर थोडी मोठी.
यंत्र बोटाला विचारून वागतं
हे मला नवीन होतं.
मी तीनदा दाबून पाहिलं. मग चौथ्यांदा.

"आणि चाल?"
तो एक बटण दाबतो, तेच सोळा चौकोन सूर होतात.
"स्केल लावून दिलंय काका,
आता चुकीचा सूर निघणारच नाही."
मी म्हणतो, ते बंद कर.

प्रेसच्या धडधडीखाली
एकवीस वर्षं मी एकच चाल गुणगुणलोय.
शब्द नाहीत तिला.
माझ्या कानांनीसुद्धा ती ऐकलेली नाही,
नुसती दाढांत जाणवायची.
एक सूर चुकीचा आहे तिच्यात.
मला तर तोच हवाय.

एल्ड्रिन डोकं खाजवतो, बंद करतो.
आठ हजार चारशे सांगतो,
आठला देतो, वायर फुकट.
पावतीवर नाव विचारतो. कुणासाठी, ते आता विचारत नाही.

घणसोली, रात्रीचे अकरा.
पुतण्याचा जुना लॅपटॉप, कानावर हेडफोन.
ढुम्, टक्, झांज सगळं माझ्या डोक्यात;
बाहेर नुसतं रबर, टप टप टप.
रेवती उठून येते.
"खालच्यांचं बाळ आजारी आहे," म्हणते,
आणि चार घड्यांचा टॉवेल यंत्राखाली सरकवते,
गरम पातेल्याखाली सरकवते तसा.
जाताना वळून बघते:
"दोन्ही हात एकदम कशाला मारताय?"

मी बघतो. खरंच की.
उजवा वाजवतोय,
आणि डावा, काही काम नसताना,
दर खेपेला बरोबर खाली येतोय.

त्याला मांडीखाली दाबून बसतो.
चुकीचा सूर अजून सापडलेला नाही.
खालून तिसऱ्या ओळीत असावा कुठंतरी.